मिशनच्या शाळेत मुलं नेमकं काय शिकली?

ज्यांना कानांपेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलतानाचे काही शब्द तसेच ठेवलेत, तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे शाळा. आपल्या राज्यात असं शहर क्वचितच सापडेल जिथे एखादी मिशन शाळा नाही. दगडी इमारत, समोर मैदान, बाजूला चर्च. तिथे शिकलेले लोक शिस्तीबद्दल बोलतात, इंग्रजीबद्दल बोलतात, मारकुट्या मास्तरांबद्दल तर हमखास बोलतात. पण या शाळा सुरू झाल्या तेव्हा, म्हणजे साधारण १८१५ ते १८५५ या चाळीस वर्षांत, त्यांत जाणाऱ्या मुलांचं आयुष्य कसं होतं? ती काय शिकायची? आईबापांना कशाची भीती वाटायची? आणि ज्यांनी या शाळा काढल्या त्यांना जे हवं होतं, ते त्यांना मिळालं का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मजेशीर आहे. तिथपर्यंत जाऊच.

आधी पंतोजींची शाळा

मिशन शाळेत नवीन काय होतं ते कळायला आधीची शाळा बघावी लागेल. पंतोजींची शाळा भरायची कुणाच्या तरी ओसरीवर, देवळात किंवा पंतोजींच्या घरी. सुरुवात ‘ओनामासिधं’ने. पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने किंवा काडीने अक्षरं गिरवायची, ती धूळपाटी. हात बसला की बोरू आणि कागद. मग उजळणी, पावकी, निमकी, दिडकी, तोंडी हिशेब आणि मोडी वाचन. सुट्टी तिथीप्रमाणे, म्हणजे प्रतिपदा, अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या. चूक झाली की छडी, आणि छडीपेक्षा भयंकर शिक्षाही होत्या.

ही शाळा कामाची होती. दुकान, शेतसारा, देणंघेणं यांसाठी लागणारा हिशेब तिथे पक्का व्हायचा. पण छापलेलं पुस्तक नव्हतं, भूगोल नव्हता, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथे सगळी मुलं नव्हती. मुली जवळजवळ नव्हत्याच. ज्यांना अस्पृश्य मानलं जायचं, त्यांच्या मुलांचा तर प्रश्नच नव्हता.

पाद्री येतात, शाळा काढतात

१८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नकोच होते. मिशनरी आले की धर्माचे वाद होतील आणि धंदा बिघडेल, असा कंपनीचा हिशेब. पण त्याच वर्षी कंपनीची सनद नव्याने मंजूर झाली आणि मिशनऱ्यांना दार उघडलं. यातून ‘अमेरिकन मराठी मिशन’ उभं राहिलं. दोनेक वर्षांत मुलांची शाळा निघाली, १८२४ मध्ये मुंबईत मुलींची.

दुसरीकडे स्कॉटलंडचे मिशनरी कोकणात बाणकोट आणि हर्णैला येऊन बसले होते. १८२९ मध्ये जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन हे जोडपं मुंबईत आलं. विल्सन आधी हर्णैला जाऊन मराठी शिकले. मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. १८३५ मध्ये त्या वारल्या, पण शाळा टिकल्या. विल्सन यांनी १८३२ मध्ये गिरगावात काढलेल्या शाळेतूनच पुढे विल्सन कॉलेज झालं. हो, तेच, चौपाटीसमोरचं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या शाळांचा हेतू लपवलेला नव्हता. मुलं शिकतील, बायबल वाचतील, त्यांना ते पटेल आणि ती ख्रिस्ती होतील, असा सरळ हिशेब होता. ज्ञानदान हा रस्ता होता, मुक्काम धर्मांतराचा होता. मिशनरी हे उघड सांगायचे, लिहायचे, आणि आपल्या देशातून पैसेही त्याच कामासाठी मागवायचे.

पण शिकवणार कोण? सुरुवातीला इथे ख्रिस्ती मास्तर जवळपास नव्हतेच. त्यामुळे मिशनने पगारावर ठेवले ते आपलेच पंतोजी, बरेचदा ब्राह्मण. म्हणजे चित्र बघा: सकाळी स्नानसंध्या करून आलेले पंतोजी मुलांकडून येशूच्या गोष्टी पाठ करून घेताहेत, आणि महिन्याचा पगार अमेरिकेतल्या चर्चच्या वर्गणीतून येतोय. पंतोजींना नोकरी मिळाली, मिशनला मास्तर मिळाला. दोघांनाही दुसऱ्याचा धर्म पटला नव्हता, तरी शाळा चालू होती.

वर्गात काय चालायचं?

वाचन, लेखन, अंकगणित हे तर होतंच. त्यात भर पडली भूगोलाची, इतिहासाची, व्याकरणाची, आणि वरच्या वर्गांत इंग्रजीची. मुलींना शिवणकाम. सगळ्यांना बायबल आणि प्रश्नोत्तरी. प्रश्नोत्तरी म्हणजे धर्मतत्त्वांचे ठरलेले प्रश्न आणि त्यांची ठरलेली उत्तरं. घोकंपट्टी संपली नव्हती, फक्त मजकूर बदलला होता.

सुट्टीसुद्धा बदलली. तिथीऐवजी रविवार आला. आज आपण रविवारची वाट बघतो ना, तो आपल्या आठवड्यात इंग्रजी राज्याबरोबर शिरला, आणि अशा शाळांमधल्या कितीतरी मुलांसाठी तो पहिल्यांदा शाळेच्या वेळापत्रकातून आला.

मोठा धक्का होता तो भूगोलाचा. घरात आजीकडून ऐकलेलं जग म्हणजे मेरू पर्वत, सात द्वीपं आणि दुधाचे, दह्याचे, उसाच्या रसाचे समुद्र. शाळेत नकाशा, आणि तो म्हणतो पृथ्वी गोल आहे, समुद्र सगळे खारट आहेत, आणि विलायतेला जहाज जातं ते या या वाटेनं. मिशनऱ्यांना हे हवंच होतं. भूगोल पटला की पुराण सुटेल, आणि पुराण सुटलं की बायबल धरलं जाईल, असा त्यांचा कयास. पहिली पायरी बऱ्याच मुलांनी चढली. पुढची मात्र फार थोड्यांनी. कारण पुराणाला लावलेला प्रश्न बायबललाही लावता येतो, हे हुशार मुलांच्या लवकरच लक्षात आलं.

आणि मुलं फक्त वर्गात शिकत नव्हती. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांनी विल्सनसाहेबांशी जाहीर वाद केला आणि हिंदू धर्माच्या बाजूने पुस्तक लिहिलं. विल्सन यांनी त्याला उत्तर छापलं. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घालत होते आणि ऐकायला गर्दी लोटत होती. शाळेत एक बाजू, चौपाटीवर दोन्ही. आजच्या भाषेत सांगायचं तर मुलांच्या फीडमध्ये दोन्हीकडचा मजकूर येत होता.

१८३९ आणि १८४३: शाळेतून कोर्टात

आता अवघड भाग. इथे ना मिशनऱ्यांना खलनायक करून चालतं, ना आईबापांना.

१८३९ साली विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. धनजीभाई नौरोजी आणि होर्मसजी पेस्तनजी. धनजीभाई सोळा वर्षांचे होते. मुंबईतला पारशी समाज खवळला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, म्हणजे तेव्हाच्या मुंबईच्या सुप्रीम कोर्टात. कोर्टाने धनजीभाईंना कुठे राहायचं ते स्वतः ठरवू दिलं, आणि ते मिशनकडे राहिले. परिणाम? मुंबईकरांनी भराभर मुलं काढून घेतली. भरलेली शाळा बघता बघता रिकामी झाली.

चारच वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा, तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. वडील कोर्टात गेले. या वेळी कोर्टाने वेगळा निकाल दिला: मुलगा लहान आहे, त्याला वडिलांच्या ताब्यात द्या.

इथे गोष्ट संपली असं वाटेल, पण श्रीपतची खरी परवड आता सुरू झाली. तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, तिथे जेवला होता. मग तो ब्राह्मण उरला का? घरी त्याला ताटावर बसवायचं की नाही? बाळशास्त्री जांभेकर, ‘दर्पण’कार, पुढे आले आणि म्हणाले, प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्या. सनातनी मंडळींनी कडाडून विरोध केला. महिनोन् महिने वाद चालला, पत्रं छापली गेली, तट पडले. आणि या सगळ्याच्या मधोमध एक बारा वर्षांचा मुलगा.

जरा त्याच्या जागी उभं राहून बघा. एका बाजूला थोरला भाऊ आणि शाळेतले मास्तर, ज्यांनी त्याला नवं जग दाखवलं. दुसऱ्या बाजूला वडील, जे त्याच्यासाठी कोर्टाची पायरी चढले. आणि तिसऱ्या बाजूला तो समाज, जो कोर्टात त्याला परत मागत होता, पण मिळाल्यावर पंगतीला घ्यायला तयार नव्हता. शाळेत जाणं म्हणजे काय पणाला लावणं होतं, हे श्रीपतच्या प्रकरणातून कळतं. त्या काळातला बाप मुलाला मिशन शाळेत घालताना दहा वेळा का विचार करत असेल, तेही कळतं. तो अडाणी होता म्हणून नव्हे, तर त्याला मुलगा गमावण्याची भीती होती.

थोरला भाऊ नारायण शेषाद्री पुढे पाद्री झाला आणि जालन्याजवळ त्याने ‘बेथेल’ नावाचं गावच वसवलं.

पुण्यातला एक विद्यार्थी

आता पुण्यात या. गोविंदराव फुले, धंदा फुलांचा आणि भाजीचा. मुलगा जोती पंतोजींच्या शाळेत जात होता, पण लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी त्याला काढलं आणि मळ्यात कामाला लावलं. शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोघांनी गोविंदरावांना समजावलं की पोरगा हुशार आहे, शिकू द्या. १८४१ मध्ये जोती पुन्हा शाळेत गेला, आणि ती शाळा होती स्कॉटिश मिशनची. वय चौदाच्या आसपास, लग्न झालेलं. आज ज्या वयात आपण आठवी-नववीत असतो, त्या वयात तो पुन्हा बाकावर बसला.

इथे त्याला मित्र मिळाले. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे. नावं बघा. माळ्याचा मुलगा आणि ब्राह्मणांची मुलं यांची दोस्ती झाली आणि ती पुढे कामातही टिकली. १८४७ मध्ये शिक्षण संपलं. त्याच सुमारास जोतीरावांनी थॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक वाचलं. यातली गंमत अशी की पेन हा पाद्र्यांचा अजिबात लाडका लेखक नव्हता. त्याने बायबलवरही तिखट टीका केली होती. शाळेने इंग्रजी शिकवलं बायबल वाचता यावं म्हणून, आणि विद्यार्थ्याने त्या इंग्रजीने पेन वाचला!

जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. पण शाळेकडून त्यांनी एक वस्तू मात्र उचलली, ती म्हणजे खुद्द शाळा.

नगरची बाई

सिंथिया फरार हे नाव तुम्ही ऐकलंय का? अमेरिकेहून १८२७ च्या डिसेंबरअखेर त्या मुंबईत आल्या. लग्न न झालेली बाई मिशनरी म्हणून एवढ्या दूर पाठवणं हे त्यांच्या देशातही नवलाचंच होतं. मुंबईत मुलींच्या शाळा चालवल्यावर १८३९ मध्ये त्या अहमदनगरला आल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. आयुष्याची पस्तीसेक वर्षं इथल्या मुलींना अक्षरं शिकवण्यात गेली.

नगरला फरारबाईंच्या मुलींच्या शाळा जोतीरावांनी पाहिल्या, आणि त्या पाहूनच पुण्यात अशी शाळा काढावी असं त्यांच्या मनाने घेतलं. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं शिक्षण नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिशेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. १८५२ मध्ये महार आणि मांग समाजाच्या मुलांसाठी शाळा निघाली.

फरक कुठे होता? मिशनच्या शाळेत शिक्षण हे बायबलपर्यंत जाण्याचं साधन होतं. फुल्यांच्या शाळेत शिक्षण हेच औषध होतं. जोतीरावांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. त्यात जोशीबुवा आहेत, पाद्रीही आहे, आणि पाद्र्याचं म्हणणं नाटकात सहानुभूतीने आलंय. पण शेवटी फसवलं गेलेलं कुणबी जोडपं चर्चमध्ये जात नाही. ते जातं फुल्यांच्या रात्रशाळेत. चाळीस वर्षांच्या मिशन शिक्षणाला एका विद्यार्थ्याने दिलेलं हे उत्तर आहे, असं मी म्हणेन.

आणि तरीही मिशनशी त्यांचं वैर नव्हतं. मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत आपण काही वर्षं शिक्षक होतो, हे त्यांनी पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे स्वतः नमूद केलं.

चौदा वर्षांची लेखिका

फुल्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मुलगी होती. मांग समाजातली, वय सुमारे चौदा, शाळेत येऊन तीन वर्षं झालेली. तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. आम्हाला वेद वाचायची बंदी असेल तर तो धर्म आमचा कसा, हा तिचा प्रश्न. पेशवाईत आपल्या लोकांवर काय गुदरलं, बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परही कसं नसतं, हे तिने लिहिलं, आणि यावर उपाय म्हणून ज्ञानाकडे बोट दाखवलं.

१८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हा निबंध दोन भागांत छापून आला. कुठे? ‘ज्ञानोदय’मध्ये. हे अमेरिकन मराठी मिशनचं पत्र, १८४२ मध्ये नगरहून सुरू झालेलं. मिशनला तिचा निबंध छापावासा वाटला, कारण त्यात हिंदू समाजव्यवस्थेवर टीका होती. मुक्ताला मात्र बोलायला जागा हवी होती, ती तिला मिळाली. मिशनचं पत्र आणि मुक्ताचं म्हणणं, दोन्ही आज आपल्यापर्यंत पोचलंय. वाचताना आपण थांबतो ते मुक्तापाशी.

हे किती मोठं होतं ते कळायला पुढच्याच वर्षीचं उदाहरण घ्या. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकार म्हणालं, न्याय मुलाच्या बाजूने आहे खरा, पण एकट्यासाठी आम्ही बाकीच्यांवर सक्ती करणार नाही. म्हणजे फी भरायची तयारी असलेल्या मुलालाही सरकारी शाळेची पायरी बंद. अशा काळात मिशनच्या आणि फुल्यांच्या शाळांचं उघडं दार म्हणजे काय होतं, विचार करा.

ज्यांनी तो धर्म घेतला

सगळ्यांनी जोतीरावांसारखं केलं असं नाही हं. बाबा पदमनजी, जन्म १८३१, बेळगावचे, कासार समाजातले. बेळगावला आणि मग मुंबईला मिशनच्या शाळांत शिकले. मुंबईत परमहंस सभेत गेले. ही गुप्त सभा, जातिभेद मोडायची शपथ घेणारी. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. आज वडापाव खाताना हे आठवा, एका पावाच्या तुकड्याने जात जायची! पुढे १८५४ मध्ये बाबांनी बाप्तिस्मा घेतला. त्यासाठी घरच्यांशी ताटातूट सोसली. आणि १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिलं, विधवांच्या हालांवरचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपल्या मनाचा हा सगळा प्रवास त्यांनी मांडला आहे. त्यांचं धर्मांतर कुणाच्या आमिषाने झालं असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. ते वर्षानुवर्षं विचार करत होते.

मग हिशेब काय निघाला?

१८५४ मध्ये वुडचा खलिता आला आणि खाजगी शाळांना सरकारी अनुदान मिळायची सोय झाली. अनुदान आलं की तपासणी आली, परीक्षा आल्या, ठरलेली पुस्तकं आली. मिशन शाळा हळूहळू इतर शाळांसारख्या झाल्या, आणि पालकांची भीतीही ओसरत गेली.

धर्मांतराच्या हिशेबाने बघितलं तर शहरातल्या या शाळांना फार थोडं यश आलं. वर्षानुवर्षं शिकवून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके बाप्तिस्मे. पण त्याच बाकांवरून कुणी पाद्री उठला, कुणी कादंबरीकार, कुणी स्वतःची शाळा काढणारा. मिशनऱ्यांनी वाचायला शिकवलं, आणि वाचायला आलेल्या मुलाने पुढे काय वाचावं हे त्यांच्या हातात उरलं नाही. आजही कुठल्याच शाळेच्या हातात ते नसतं.

श्रीपतसारख्या मुलांनी त्याची किंमत मोजली हेही विसरायला नको. ती किंमत मिशनच्या अहवालांत बसत नाही आणि आपल्या अभिमानाच्या गोष्टींतही बसत नाही.

तुमच्या गावात अशी जुनी शाळा असेल तर एकदा दारावरचं स्थापनेचं साल वाचून या. घरात कुणी तिथे शिकलं असेल, आजी-आजोबा, काका-मावशी, तर त्यांना एवढंच विचारा: तुमच्या बाकावर शेजारी कोण बसायचं? उत्तर आम्हाला व्हॉइस नोटने पाठवा, आम्ही ऐकतो.

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा.